क्षेमकुशल

ज्या वस्तूविषयीं आज चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे, ती आमच्या बहुतेक वाचकांच्या दृष्टीस कधीं पडली नसेल. आणि पडली असती तरी तिच्याकडे त्यांनीं दुसऱ्यांदा वळून पाहिलें नसतें. करंगळीच्या पेराएवढी प्लॅस्टिकची एक कुपी, तिच्या तळाशीं दोन थेंबांहून अधिक भरणार नाहीं इतकें निर्मळ पाणी, आणि अंगावर मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांची चिठ्ठी, एवढेंच तिचें बाह्य रूप. आमच्या पुतणीनें ती बर्फाच्या डब्यांतून उचलून क्षणभर आमच्या डोळ्यांपुढें धरली आणि लगेच परत बर्फांत रोवून ठेवली. आम्हीं किंमत विचारली. "चाळीस हजार रुपये, काका," ती म्हणाली. आमचे वडील नोकरींतून निवृत्त झाले तेव्हां त्यांच्या हातीं आलेली सारी पुंजी ह्याहून फारशी अधिक नव्हती. दोन थेंबांना एवढें मोल देण्यासारखें त्यांत काय आहे, हें समजून घेण्याच्या नादांत आमची ती सगळी दुपार गेली. आणि दुपारच्या शेवटीं आम्हांस आठवण झाली ती त्याच वडिलांची, व तीही कांहींशी शरमेनें. ती हकीकत सांगण्यासाठींच हा लेख.

आम्ही मुलुंडचे. मुलुंडच्या पश्चिमेस, पांच रस्त्याच्या आसपास, आमचें लहानपण गेलें व म्हातारपणही तेथेंच चाललें आहे. पुतणी मात्र अंधेरीच्या बाजूस एका प्रयोगशाळेंत संशोधन करते. पूर्वीं मुलुंडाहून अंधेरीस जावयाचें म्हणजे दादरचा वळसा घ्यावा लागे, किंवा बसमध्यें बसून जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याची धूळ खावी लागे. २०१४ सालापासून घाटकोपरास उतरून मेट्रोंत बसलें कीं माणूस थोडक्याच वेळांत अंधेरीस पोहोंचतो. तिनें आम्हांस बोलावलें तें असें सांगून कीं, "काका, तुमच्या मुलुंडची एक वस्तु दाखवायची आहे. सारा जन्म तिथें घालवलात, पण ती तुम्हांला ठाऊक नसेल." अशा शब्दांनीं डिवचलें म्हणजे म्हातारा माणूस घरीं बसत नाहीं.

परंतु ती मुलुंडची वस्तु दाखविण्याआधीं तिनें ही महागडी कुपी दाखविली, आणि आम्हीही त्याच क्रमानें सांगतों. कुपींतल्या पाण्यांत प्रतिपिंड, म्हणजे डॉक्टर लोक ज्यांस अँटिबॉडी म्हणतात ते, विरघळलेले असतात. शरीरांत परका जंतु शिरला कीं शरीर त्याच्या आकाराला नेमका बसेल असा प्रतिपिंड घडवितें, हें शाळेंतल्या मुलांनाही आतां ठाऊक असतें. परळच्या हाफकिन संस्थेंत घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरचा उतारा तयार होत आला तो ह्याच तत्त्वावर. पण ह्या कुपींतल्या प्रतिपिंडाचें काम बरें करण्याचें नव्हे, ओळखण्याचें आहे. आणि त्यानें ओळखावयाचा तो एखादा जंतु नव्हे; आपल्याच पेशींतल्या एका प्रथिनावर उमटलेली एक सूक्ष्म खूण त्यानें ओळखावयाची.

ती खूण कोणती, हें सांगावयास थोडें मागें जावें लागेल. आपल्या श्वासनळ्यांभोंवतीं स्नायूंचीं कडीं असतात. दम्याच्या माणसाचीं तीं कडीं आवळतात व श्वास कोंडतो. त्या स्नायूंतल्या पेशींच्या पापुद्र्यांत कांहीं प्रथिनें अशीं बसलेलीं असतात कीं त्यांचें कांहीं अंग बाहेर व कांहीं आंत. त्यांना ग्राही म्हणतात. इंग्रजी शिकलेल्यांचा रिसेप्टर तो हाच. रक्तांतून अॅड्रिनॅलिन येऊन, अथवा दम्याच्या पंपांतून त्याच्या जातीचें सॅल्ब्युटॅमॉल येऊन, ह्या ग्राहीला बिलगलें कीं ग्राही आंत वर्दी देतो. आंत चक्रीय एएमपी नांवाच्या निरोप्यांची संख्या वाढते, आणि आवळलेला स्नायु सैल पडतो. ह्या निरोप्याचा शोध लावणारे अर्ल सदरलँड ह्यांस १९७१ सालीं, आणि ह्या जातीच्या ग्राहींचें अंतरंग उलगडणारे रॉबर्ट लेफकोविट्झ व ब्रायन कोबिल्का ह्यांस २०१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. येथवर गोष्ट सरळ आहे. दार वाजलें, दाराशीं बसलेल्यानें आंत वर्दी दिली, घरानें कडी काढली.

पण दार सारखेंच वाजूं लागलें तर? पेशी तें फार वेळ सोसत नाहीं. हांकांवर हांका येऊं लागल्या कीं आंतलीं कांहीं एन्झाइमें ग्राहीच्या आंतल्या अंगावर ठराविक जागीं फॉस्फेटचा एकेक कण आणून चिकटवितात. एक फॉस्फरस व त्याभोंवतीं ऑक्सिजनचे चार अणु, एवढाच तो कण. ४१३ घटकांच्या त्या प्रथिनाच्या मानानें केवळ मिठाच्या खड्याएवढा. परंतु मिठाच्या खड्यानें वरणाची चव पालटावी तसा त्या कणानें प्रथिनाचा स्वभाव पालटतो. ग्राही जागच्या जागीं असतो, हांक त्याच्यापर्यंत पोहोंचते, पण वर्दी आंत पूर्वींसारखी जात नाहीं. विसांवा मिळाला कीं दुसरें एन्झाइम तो कण काढून टाकतें व ग्राही पुन्हां कामाला लागतो. प्रथिनांवर फॉस्फेट चढविणें व उतरविणें ही पेशीच्या कारभाराची एक मुख्य रीत आहे. १९५० नंतरच्या दशकांत एडमंड फिशर व एडविन क्रेब्स ह्या दोघांनीं तिचा मार्ग प्रथम दाखवून दिला. त्याबद्दल नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें तें १९९२ सालीं, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनीं.

आतां अडचण अशी कीं, साधा प्रतिपिंड ग्राहीला ओळखतो, पण त्याच्यावर फॉस्फेट आहे कीं नाहीं हें त्यास कळत नाहीं. तो खानेसुमारीच्या कारकुनासारखा: घरांत माणसें किती, एवढें टिपून पुढल्या दारीं जातो. ह्या महागड्या कुपींतला प्रतिपिंड मात्र तेवढ्यावर तृप्त होत नाहीं. ग्राही असेल, पण त्याच्या ठराविक जागीं फॉस्फेट नसेल, तर तो त्यास ओळख दाखवीत नाहीं. फॉस्फेट असेल तरच त्याचा हात धरतो. आमच्या लहानपणीं पत्राच्या आरंभीं एक मजकूर ठरलेला असे: इकडील सर्व क्षेम, तुमचें क्षेमकुशल कळवावें. खानेसुमारी आणि क्षेमकुशल ह्यांत जें अंतर, तेंच ह्या दोन प्रतिपिंडांत. एक विचारतो, आहे काय? दुसरा विचारतो, कसा आहे?

असा चोखंदळ प्रतिपिंड मिळविण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. ग्राहीच्या अंगाचा दहा-पंधरा घटकांचा लहानसा तुकडा, त्यावर योग्य जागीं फॉस्फेट बसवून, कृत्रिम रीतीनें तयार करतात व सशाला टोंचतात. कांहीं आठवड्यांनीं सशाच्या रक्तांत त्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात. पण ते सारे एका गुणाचे नसतात. कांहींना नुसता तुकडा पुरतो, कांहींना तुकडा व फॉस्फेट दोन्ही लागतात. म्हणून तें रक्तजल प्रथम अशा नळींतून गाळतात कीं जींत फॉस्फेट नसलेला तुकडा जडविलेला असतो. ज्यांना खुणेची पर्वा नाहीं ते तेथेंच अडकतात. उरलेले दुसऱ्या नळींत, खूण असलेल्या तुकड्यावर, धरून ठेवतात व मग सोडवून घेतात. सोनार सोनें तावून पाहतो तसें हें दुहेरी तावणें आहे, आणि किंमत आहे ती बरीचशी ह्या तावण्याची.

प्रत्यक्ष प्रयोगांत पेशी फोडून त्यांतलीं प्रथिनें विजेच्या दाबानें एका लिबलिबीत चकतींतून चालवितात. लहान पुढें पळतात, मोठीं मागें रेंगाळतात. मग तीं सारीं कागदासारख्या एका पापुद्र्यावर उतरवून घेऊन त्यावर प्रतिपिंड ओततात. तो जेथें चिकटेल तेथें शेवटीं काळी पट्टी उमटते. प्रतिपिंडानें उगाच भलत्या जागीं चिकटूं नये म्हणून तो पापुद्रा आधीं दुधाच्या भुकटीच्या पाण्यांत भिजवून ठेवण्याचा प्रघात आहे. पण ह्या खुणेच्या कामांत ती भुकटी बहुधा टाळतात! कारण दुधांतलें केसीन हें प्रथिन स्वतःच फॉस्फेटानें लगडलेलें असतें, आणि खूण शोधावयास निघालेल्याचा त्यानें घोटाळा होऊं शकतो. "आम्ही आरेच्या दुधावर वाढलों," आम्ही म्हणालों, "आणि तुमच्या प्रतिपिंडाला दूध अपथ्य!" पुतणी हंसली. बर्फाचें कारणही तिनें सांगितलें. पेशी फुटली कीं फॉस्फेट उतरविणारीं एन्झाइमें मोकाट सुटतात आणि आपल्या मुंबईच्या उकाड्यांत पाहतां पाहतां खूण पुसून टाकतात. म्हणून बर्फ, आणि बर्फाच्या जोडीला त्या एन्झाइमांचे हात बांधून ठेवणारीं सोडियम फ्लोराइडासारखीं द्रव्यें. कसा आहेस, हें विचारावयाचें तर वेळेवर विचारावें लागतें. उशीर झाला कीं उत्तर देणारी खूणच शिल्लक उरत नाहीं.

ह्या कामांत तिच्यावर एकदां जो प्रसंग आला तो तिनें आम्हांस फार आढेवेढे घेऊन सांगितला. गेल्या वर्षीं तिच्याकडे ह्याच प्रकारच्या प्रतिपिंडाची नवी खेप आली. ससा बदलला म्हणजे प्रतिपिंडही थोडाफार बदलतो. पट्ट्या मात्र अशा ठसठशीत उमटल्या कीं तिचे मार्गदर्शक खूष झाले, आणि अडीच महिन्यांच्या कामावर निबंधाचा मसुदाही तयार झाला. कोणी शंका घेतली नव्हती. तरी एका रात्रीं तिला झोंप येईना. नव्या खेपेची परीक्षा आपण घेतलीच नाहीं, हें तिच्या मनांत सलूं लागलें. दुसऱ्या दिवशीं तिनें एकाच नमुन्याचे दोन भाग केले आणि एका भागावर फॉस्फेट उतरविणारें एन्झाइम मुद्दाम घातलें. प्रतिपिंड खरा असेल तर त्या भागाची पट्टी नाहींशी झाली पाहिजे. ती नाहींशी झाली नाहीं; होती तशीच काळीभोर राहिली. खूण पुसून टाकल्यावरही जो 'खूण आहे' असें म्हणतो, तो खूण पाहत नव्हता. दुसरेंच कांहीं पाहत होता.

तिनें आणखी एक साक्षीदार बोलावला. ह्या ग्राहीवर फॉस्फेट मुख्यतः दोन वाटांनीं चढतें. आंत निरोप्यांची संख्या वाढली कीं त्यांनीं जागें केलेलें एन्झाइम कांहीं जागीं फॉस्फेट चढवितें. ही पहिली वाट. दुसऱ्या वाटेचें एन्झाइम वेगळें, जागा वेगळ्या, आणि तें फॉस्फेट चढवितें तें प्रत्यक्ष औषध बिलगलेल्या ग्राहीवर. आतां फॉर्स्कोलिन नांवाचें एक द्रव्य असें आहे कीं, तें ग्राहीला न शिवतां, दाराशीं न थांबतां, थेट आंत जाऊन निरोप्यांची संख्या वाढवितें. अर्थात् फॉर्स्कोलिन दिलेल्या पेशींत पहिल्या वाटेची खूण उमटते, दुसऱ्या वाटेची उमटत नाहीं. तिचा प्रतिपिंड दुसऱ्या वाटेचा. त्यानें फॉर्स्कोलिनपुढें गप्प राहावयास हवें होतें. नव्या खेपेचा प्रतिपिंड गप्प राहिला नाहीं. एक साक्ष चुकली असेल असें म्हणतां येतें. दोन साक्षी जुळल्या म्हणजे पळवाट उरत नाहीं. तिनें दोन्ही चित्रें मार्गदर्शकांच्या टेबलावर नेऊन ठेवलीं. मसुदा बाजूला सारला गेला, अडीच महिने पाण्यांत गेले, आणि दुसरीकडून मागविलेल्या, पारखून घेतलेल्या कुपीवर काम पुन्हां पहिल्यापासून सुरू झालें. आम्हांस दाखविलेली कुपी ती हीच.

"वाईट नाहीं वाटलें?" आम्हीं विचारलें.

"वाटलें ना, काका. पण छापून आल्यावर दुसऱ्या कोणी दाखवून दिलें असतें तर?" असें म्हणून ती क्षणभर थांबली, व मग म्हणाली, "आणि कोणीच दाखवून दिलें नसतें, तर तें अधिक वाईट."

मग तिनें शीतपेटींतून दुसरी एक कुपी काढली. "हा तो दुसरा साक्षीदार. हा तुमच्या मुलुंडचा."

वाचकहो, आमचा विश्वास बसेना. पण गोष्ट खरी आहे. ज्या आग्रा रोडला आतां लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, त्या रस्त्यावर मुलुंडास हेक्स्ट ह्या मूळच्या जर्मन औषधी कंपनीचें संशोधन केंद्र होतें. १९७० नंतरच्या दशकांत तेथील मंडळी भारतीय वनस्पतींचे अर्क काढून ते हृदयावर व रक्तदाबावर काय परिणाम करतात हें तपाशीत होती. कोलिअस फॉर्स्कोली ह्या, आपल्या तुळशीच्याच कुळांतल्या, झुडपाच्या मुळांत त्यांना हें द्रव्य सांपडलें. आणि १९७७ सालीं सुजाता भट, नोएल डिसूझा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याची रेणुरचना प्रसिद्ध केली. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंतही ह्याच झुडपांतून कोलिओनॉल नांवाचें द्रव्य मिळालें होतें. तें व हें एकच, असें पुढें सिद्ध झालें. १९८१ सालीं अमेरिकेंत केनेथ सीमन व जॉन डॅली ह्यांनीं दाखविलें कीं, हें द्रव्य ग्राहीला वगळून निरोपे घडविणाऱ्या एन्झाइमालाच जागें करतें. तेव्हांपासून ही मुलुंडची कुपी जगांतल्या असंख्य प्रयोगशाळांत जाऊन बसली आहे. झुडपाला ज्याचें नांव मिळालें तो पेटर फोर्स्कोल, लिनीयसचा शिष्य, वनस्पती गोळा करीत हिंडतां हिंडतां १७६३ सालीं येमेनांत हिंवतापानें वारला. हेक्स्ट कंपनीचें नांवही १९९९ सालीं दुसऱ्या नांवांत विलीन झालें. त्या रस्त्यानें आम्ही हजारों वेळां गेलों असूं. भिंतीपलीकडे काय चाललें आहे, हें एकदांही कोणास विचारलें नाहीं.

पुतणीनें पडद्यावर त्या झुडपाचें व त्याच्या मुळांचें चित्र दाखविलें, आणि आम्ही दुसऱ्यांदा चमकलों. ही तर गरमर! आमच्या मजल्यावर एक कच्छी कुटुंब राहत असे. त्या घरच्या काकी उन्हाळ्यांत कैरीच्या व भोंकराच्या लोणच्यांबरोबर गरमरच्या मुळांचें लोणचें घालीत आणि एक वाटी आमच्याकडे पाठवीत. वडिलांना दमा, म्हणून आंबट वर्ज्य. पण आईची नजर चुकवून ते त्यांतला एखादा तुकडा तोंडांत टाकीतच. ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढूं नये कीं, दम्याचें औषध आमच्या लोणच्याच्या बरणींत होतें आणि पूर्वजांस तें ठाऊक होतें. हा मोह आम्हांसही झाला. पुतणीनें तो तेथल्या तेथें मोडला. मुळांत तें द्रव्य अगदीं थोडें, आणि पाण्यांत तर जवळजवळ न विरघळणारें. लोणच्याच्या तुकड्यानें वडिलांचा दमा गेला नाहीं, हें तर आम्हींच पाहिलें आहे.

त्यांचा दमा जुना. मुलुंड तेव्हां कारखान्यांचें गांव होतें, आणि पावसाळ्यांत डोंगराकडची ओल घरांत शिरे. १९८८ च्या सुमारास त्यांच्या हातीं पंप आला. सुरुवातीस दोन दाबांत छाती मोकळी होई आणि ते लहान मुलासारखे हंसत. दोन-तीन वर्षांनीं ते म्हणूं लागले, "अरे, पूर्वीं दोन दाब पुरत. आतां चार घेतले तरी थोड्या वेळानें पुन्हां तेंच." आम्हीं तें ऐकलें आणि ऐकून टाकून दिलें. "सवय लागली आहे तुम्हांला, अण्णा," आम्ही म्हणालों. "निम्में दुखणें मनाचें आहे. पंप जरा दूर ठेवा पाहूं." आणि एकदां तर, रात्रीच्या वेळीं, आम्हीं तो खरोखरच उचलून वरच्या फळीवर, त्यांचा हात पोहोंचणार नाहीं अशा जागीं ठेवला. त्यांनीं तो मागितला नाहीं. खिडकीच्या गजाला धरून, खांदे वर ओढीत, ते पहाटेपर्यंत बसून राहिले, आणि सकाळीं आम्हीं त्यांना विचारलें तें, "चहा घेणार ना?" एवढेंच.

नोकरी, लोकल, मुलांच्या शाळा ह्या धबडग्यांत आम्ही त्यांस रोज पाहत होतों. अण्णा आहेत, खुर्चींत बसले आहेत, वर्तमानपत्र वाचीत आहेत. एवढी खानेसुमारी आमची चोख असे. पुढें दुसऱ्या एका डॉक्टरांनीं त्यांचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेतलें, श्वासनळ्यांची सूज उतरविणारा निराळा पंप सुरू केला, आणि त्यांच्या रात्री पुन्हां शांत जाऊं लागल्या. २००३ सालीं ते गेले ते अगदीं वेगळ्या दुखण्यानें. पण त्या एका रात्रीविषयीं आम्हीं त्यांच्यापाशीं कधीं अवाक्षर काढलें नाहीं, आणि त्यांनींही नाहीं.

हें सारें मनांत असतांना पुतणीनें नव्या कुपीचें चित्र आमच्यापुढें आणलें. तीन रकाने होते. पहिल्यांत कांहीं न दिलेल्या पेशी, जागा कोरी. दुसऱ्यांत अॅड्रिनॅलिनच्या जातीचें जोरदार औषध दिलेल्या पेशी; तेथें काळी पट्टी. तिसऱ्यांत फॉर्स्कोलिन दिलेल्या. जागा पुन्हां कोरी. त्याखालीं, त्याच नमुन्यांवर साधा प्रतिपिंड ओतून काढलेलें दुसरें चित्र होतें. त्यांत तिन्ही रकान्यांत तीन पट्ट्या, सारख्याच जाड, सारख्याच काळ्या. म्हणजे ग्राही तिन्ही ठिकाणीं होता, सारखाच होता. नुसतें मोजणाऱ्यास फरक दिसलाच नसता. आम्ही बराच वेळ बोललों नाहीं. मग म्हणालों, "म्हणजे अण्णा खरें सांगत होते."

"काका, एवढी उडी घेऊं नका," ती म्हणाली. "ह्या पेशी माणसाच्या असल्या तरी वर्षानुवर्षें काचेंत वाढलेल्या आहेत, आणि त्यांत ग्राही मुद्दाम भरपूर घातलेले आहेत. आजोबांची छाती म्हणजे ही बशी नव्हे. पंपांतलें औषध मी वापरतें त्याहून सौम्य असतें. त्यांची आंतली सूज वाढत गेली, हेंच कदाचित् मोठें कारण असेल. नुसत्या त्या पंपावर दमेकऱ्यानें विसंबूं नये, असें २०१९ पासून दम्याविषयींच्या जागतिक मार्गदर्शनांतही स्पष्ट सांगितलें आहे. पण ही पट्टी एवढेंच म्हणते कीं, ह्या पेशींत, ह्या जागीं, फॉस्फेट आहे. त्यापुढचें ती बोलत नाहीं."

तिचें म्हणणें आम्हांस पटलें, आणि तें पटल्यामुळेंच आमची चूक आम्हांस अधिक उघडी दिसली. चाळीस हजारांची कुपी, मार्गदर्शकांची प्रसन्नता, स्वतःचे अडीच महिने, ह्यांपैकीं कशावरही विसंबून न राहतां ह्या मुलीनें परीक्षा घेतली. आम्हीं 'मनाचें दुखणें' हा निकाल दिला तो कोणत्या परीक्षेवर? कारण ग्राहींचा थकवा असो, सूज असो, कीं आणखी कांहीं असो. अण्णांनीं सांगितलेली गोष्ट घडत होती. पूर्वीं दोन दाब पुरत होते आणि आतां पुरत नव्हते. तेवढें खरें मानावयास कोणत्याही कुपीची गरज नव्हती. समोर बसून ऐकून घेतलें असतें तरी पुरलें असतें.

संध्याकाळीं घाटकोपरास गाडी बदलून आम्ही घरीं आलों. चाळीच्या जागीं आतां इमारत उभी आहे, आणि त्या कच्छी काकींचें दार आमच्या दारासमोरच आलें आहे. काकी नव्वदीला टेकल्या आहेत. दार बहुधा उघडें असतें. येतां जातां आम्ही आंत नजर टाकतों, काकी पलंगावर दिसतात, आणि आम्ही किल्ली लावून आपल्या घरांत शिरतों. त्या दिवशीं चपला त्यांच्या दाराशीं काढल्या. पलंगाजवळची खुर्ची ओढून घेऊन विचारलें, "काकी, कशा आहांत?" त्यांनीं प्रथम, "ठीक आहे, भाई," असें म्हणून हात हलविला. आम्ही उठलों नाहीं. मग त्यांनीं गुडघ्यांपासून सुरुवात केली. गुडघ्यांवरून डोळ्यांवर आल्या, डोळ्यांवरून परदेशीं असलेल्या धाकट्या मुलावर, आणि मुलावरून रात्रीं न येणाऱ्या झोंपेवर. सुनेनें आणून ठेवलेला चहा कधींच निवून गेला होता. मध्येंच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझे अण्णा गरमर मागून घ्यायचे, तुला माहीत आहे? म्हणायचे, घरीं सांगूं नका." आम्ही म्हणालों, माहीत आहे. मग त्या पुढें सांगूं लागल्या, आणि आम्ही ऐकत बसलों.